विमानवाल्या काकू

परवा दुपारी घरात एकटीच होते. कोरेगावहून घेवड्याच्या ओल्या शेंगा आल्या होत्या, त्या सोलायला घेतल्या आणि सोबत म्हणून टीव्ही लावला. कुठलातरी सिनेमा चालू होता. पळवून नेलेलं विमान. माणसं डोक्यामागं हात धरून, माना खाली घालून बसलेली. मधल्या वाटेनं बंदुका घेतलेले दोघं येरझारा घालताहेत. एका बाईनं आपल्या रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून धरलेला. इथं सांगलीत, तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या घरात, पंख्याच्या वाऱ्यानं टरफलं हलत होती आणि त्या बाईचा घामेजलेला चेहरा पडदाभर झाला होता. मला काही वाटलं नाही. भीती नाही, पुढं काय होतंय याची उत्सुकताही नाही. बोटं आपली सोलत राहिली.

आई गेल्यापासून हे असंच आहे. रडू आलं नाही, तसं हसूही नीट येत नाही. आणि विमानाची भीती म्हणाल, तर ती आमच्या घरात आईनं एकटीनं घेतली, बाकी कुणाच्या वाट्याला उरलीच नाही, असं सगळे नातेवाईक म्हणायचे. हसून म्हणायचे. आईसुद्धा त्यांच्यात बसून हसायची.

आमचं घर साताऱ्याला होतं, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या एका गल्लीत. तीन खोल्या, पुढं ओटा, मागं मोरी आणि मोरीच्या कडेला पेरूचं झाड. थंडीत सकाळी किल्ला दिसायचाच नाही. धुकं उतरत उतरत गल्लीपर्यंत यायचं, बंबातल्या शेणकुटांचा धूर त्यात मिसळायचा आणि त्या दोघांतून आप्पांच्या काठीचा आवाज यायचा, टक, टक. आप्पा म्हणजे आमचे वडील. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. लढाईत पायात लोखंडाचा तुकडा शिरला होता, तो डॉक्टरांनी आतच ठेवला होता. पावसाळ्यात तो दुखायचा. आप्पा दुखतंय असं कधी म्हणायचे नाहीत, नुसते आईला म्हणायचे, जरा तेल कोमट कर.

आप्पा वाईट नव्हते. आम्हाला त्यांनी कधी मारलं नाही. मला सायकल शिकवली, माझ्या वेण्यासुद्धा घातल्या आई आजारी असताना. पण त्यांच्याकडं एक शब्द होता, फौजेतून आणलेला. बुजदिल. तो त्यांनी एकदा एखाद्या माणसाला चिकटवला की संपलं. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, आमचा नाना, भरती होऊन चार-सहा महिन्यांतच ट्रेनिंगमधून कोरेगावला पळून आला होता. मी जन्मायच्याही आधीची गोष्ट. तेव्हापासून नानानं आमची पायरी चढली नाही. बाजाराला साताऱ्यात आला तर गल्लीच्या तोंडाशी चिंचेखाली उभा राहायचा, आमच्यापैकी कुणी दिसलं तर हात हलवायचा. एकदा मी पाण्याचा तांब्या घेऊन निघाले होते. आप्पांनी ओट्यावरून नुसतं माझ्याकडं बघितलं. मी तांब्या परत ठेवला. नाना तसाच उन्हातून स्टँडकडं चालत गेला. त्याच्या धोतराला मागं बटाट्याच्या पोत्याची माती लागलेली होती, ती मला अजून दिसते.

माझा भाऊ माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. दादा. उंच, शांत, हातांत कायम काहीतरी उघडलेलं, रेडिओ नाहीतर इस्त्री. आयटीआयमधून वायरमन झाला होता. त्या काळात आखातातल्या देशांत माणसं जायला नुकती लागली होती. मुंबईच्या एका एजंटानं साताऱ्यातली काही पोरं बघितली आणि दादाला निवडलं. आप्पांनी न्हाव्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, मारुतीच्या पाराजवळ बसणाऱ्या सगळ्या पेन्शनरांना सांगितलं. एक निळी सूटकेस आणली. ती ओट्याकडच्या खोलीत मुद्दाम अशी ठेवली की येणाऱ्याच्या नजरेत पडावी. तिला नव्या रेक्झिनचा वास होता. मी कुणी नसताना ती उघडून आत तोंड घालायचे. मला वाटायचं, परदेशाचा वास असाच असणार.

दादाला निघायला आठ-दहा दिवस राहिले तेव्हा जगूकाका आले. जगूकाका आप्पांच्या पलटणीतले. निवृत्तीनंतर त्यांनी छोटं प्रोजेक्टर मशीन घेतलं होतं आणि लग्नात, गणपतीत, मोठ्या लोकांच्या घरी ते सिनेमे दाखवायचे. त्यांच्याकडं एक इंग्रजी सिनेमा होता, कुठल्याशा छावणीतून स्वस्तात मिळालेला. पळवलेल्या विमानाचा. गावोगावच्या लोकांना इंग्रजी कळत नसे म्हणून तो फारसा चालत नव्हता. ते आप्पांना म्हणाले, पोरगं विमानात बसणार, मग विमानाचाच सिनेमा लावू की घरात. आप्पांना ते फार पसंत पडलं.

रविवारची दुपार होती. संध्याकाळी जगूकाकांना कोरेगावला लग्नात जायचं होतं, म्हणून दुपारीच करायचं ठरलं. मधल्या खोलीच्या खिडक्यांना वाकळा लावल्या. वाकळांतून जुन्या लुगड्यांचा, कडुनिंबाच्या पाल्याचा वास येत होता. भिंतीवर आईनं धुवून, नीळ देऊन, इस्त्री केलेली चादर ताणून बांधली. गल्लीतली दहा-बारा माणसं आली, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. दादाला मधोमध खुर्ची. आईनं पेढे वाटले, भडंग केला. मग जगूकाकांनी बटण दाबलं आणि त्या अंधारात टरटर टरटर असा आवाज सुरू झाला, मळणीचं यंत्र लांबून ऐकू यावं तसा. दिव्यावर धूळ जळल्याचा वास आला. उजेडाच्या पट्ट्यात बायकांच्या अंबाड्यांतले गजरे चमकले.

जगूकाका मशीनजवळ उभं राहून मराठीत सांगत होते. त्यांनी तो सिनेमा इतक्या वेळा बघितला होता की चित्राच्या आधी त्यांचं सांगणं यायचं. हा म्होरक्या, ह्याच्यावर ध्यान ठेवा. ही म्हातारी लय खमकी हाय. आता बघा, पिशवीतून काय निघतंय. चादरीवर विमान वाळवंटात उभं होतं. चादरीला मधे शिवण होती, ती बरोबर विमानाच्या पोटातून जायची. आतली माणसं घामानं निथळत होती आणि आमच्या खोलीतही वाकळांमुळं वारा नव्हता, आम्हीही निथळत होतो. त्यामुळं असं वाटायला लागलं की आपणही त्या विमानातच आहोत आणि दार बंद आहे.

मग म्होरक्यानं एका तरुण मुलाला उठवलं. खिडकीपाशी बसलेला, साधासाच. त्याला दारापाशी नेलं, दार उघडलं. बाहेर पांढरं ऊन होतं. मुलानं काहीतरी म्हटलं. जगूकाका एरवी प्रत्येक वाक्य सांगायचे, तिथं ते गप्प राहिले. गोळीचा आवाज मशीनच्या टरटरीत बारीकच आला. मुलगा दिसेनासा झाला, नुसतं ऊन राहिलं.

तेवढ्यात दादा उठला. त्याची सावली चादरीवर पडली, एवढी मोठी, काळी. तिच्यात सगळं विमान झाकलं गेलं. जगूकाका म्हणाले, आरं खाली बस की रं गड्या, आमचं विमान गेलं. सगळे हसले. दादा बसला नाही. माणसांच्या पायांतून वाट काढत मागच्या दारानं बाहेर गेला. दार उघडलं तेव्हा उजेडाची एक फट आत आली आणि मिटली. थोड्या वेळानं आई उठली. बराच वेळ आली नाही. मला वाटलं, चहा ठेवत असेल. आली तेव्हा ती माझ्याशेजारी बसली आणि शेवटपर्यंत बसून राहिली. तिच्या लुगड्याचा पदर ओला होता. सिनेमा चांगला संपला. सैनिक शिड्या लावून चढले, माणसं सुटली. आप्पांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा ओट्यावर दाढी करत होते. जगूकाका कोरेगावहून परत जाताना राहिलेली सिनेमाची पेटी न्यायला आले होते. गल्लीतलं आणखी कोणी कोणी उभं होतं. आई आतून आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. डोक्यावरून पदर घेतला होता. ती म्हणाली, "आवं, त्याला पाठवायचं न्हाई. मी पाठवणार न्हाई."

आप्पांना वाटलं चेष्टा आहे. त्यांनी विचारलं, कुणाला? आणि गालाला लावलेला साबण तसाच ठेवून वळले.

"काल बगितलं की सिनेमात. मला भ्या वाटतंय."

जगूकाका आधी हसले, मग समजावायला लागले. वहिनी, त्यो सिनेमा हाय. खोटं खोटं असतं ते. मेलेला पोरगा पण खोटा. आई म्हणाली, खोटं असू दे. माझ्या पोराला मी विमानात घालणार न्हाई.

ही आई म्हणजे, आप्पा सीमेवर असताना गावाकडच्या घरात एकटी आम्हाला घेऊन राहिलेली. तिथं परसात निघालेला नाग तिनं भाकरीच्या काटवटीखाली दाबून ठेवला होता, माणसं येईपर्यंत. लढाईच्या दिवसांत तार आली तेव्हा बाकीच्या बायका रडायला लागल्या आणि ही तार घेऊन पोस्टमास्तरांकडं वाचून घ्यायला गेली होती. ती बाई एका चादरीवरच्या चित्राला घाबरली, हे कुणालाच पटेना. पण ती आत जाऊन झोपली आणि जेवायची बंद झाली. शेजारच्या बायका आल्या, जगूकाकांची बायको आली, एजंटाचा माणूसही येऊन गेला. सगळ्यांसमोर तिचं एकच. मला भ्या वाटतंय. दादा भिंतीला टेकून बसून होता. आप्पांनी त्याला म्हटलं, तू चल, मी बघतो तिच्याकडं. दादा म्हणाला, आई जेवत नाही तोवर मी कसा जाऊ? आप्पांनी दोन दिवस वाट बघितली. मग एजंटाला कळवलं. दादाच्या जागी पलीकडच्या गल्लीतला एक मुलगा गेला.

निळी सूटकेस माळ्यावर गेली. तिच्यात वाकळा ठेवायला लागले.

त्यानंतरचं वर्ष मला आवाजांनीच आठवतं. आप्पा आईशी बोलायचे बंद झाले. तेल कोमट कर, हेसुद्धा मला सांगायचे आणि मी दोन पावलांवर उभ्या असलेल्या आईला सांगायचे. भांड्यांचा आवाज मोठा वाटायला लागला. पलीकडच्या गल्लीतला तो मुलगा सुट्टीवर आला तेव्हा त्यानं टेपरेकॉर्डर आणला होता आणि तो संध्याकाळी खिडकीत ठेवून गाणी लावायचा. आप्पा ओट्यावर बसून ती ऐकायचे. गाणं संपलं, कॅसेट उलटी करायला थोडा वेळ लागला, की आप्पा मान वर करायचे आणि आत, आईच्या पाठीकडं बघायचे.

गल्लीत आईला पोरं विमानवाल्या काकू म्हणायला लागली. आधी मागून, मग तोंडावर. कुणी वाईट मनानं नाही. नवीन सून आली तरी तिला सांगितलं जायचं, त्या बघ, त्या विमानवाल्या काकू, सिनेमा बघून पोराला थांबवलं. आकाशात कुठं घरघर आली की बायका म्हणायच्या, काकू, आत जा. आणि आई कानांत बोटं घालून खरंच आत जायची. माझं लग्न ठरवायला सांगलीहून माणसं आली होती, त्यांनीही विचारलं, त्या तुमच्याच आई का? आईनं चहाचा ट्रे धरला होता. ती म्हणाली, व्हय, मीच.

उन्हाळ्यात ती गच्चीवर कुरडया घालायची. लाकडी सोऱ्या, ओलं चिकाचं पीठ, त्याचा आंबूस वास, धोतराच्या पांढऱ्या फडक्यावर गोल गोल उतरत जाणाऱ्या कुरडया. एकदा मी खालून पीठ घेऊन वर आले तर विमान चाललं होतं. फार उंच, पुण्याकडं. आईच्या कानांत बोटं नव्हती. ती कपाळावर हात धरून वर बघत होती. मान वळवत, वळवत, ते किल्ल्याच्या मागं दिसेनासं होईपर्यंत बघत होती. मग तिला माझी चाहूल लागली आणि ती घाईघाईनं जिन्याकडं निघाली. मी सोऱ्या भरायला घेतला. पीठ वाळून चाललं होतं.

दादा सांगलीत एका कारखान्यात लागला. हरिपूरच्या रस्त्याला खोली घेतली, पुढं तिथंच घर केलं. हळदीच्या हंगामात त्याच्या कपड्यांना हळदीचा वास असायचा, हळद साठवायची जमिनीतली पेवं उघडली की सगळ्या त्या बाजूला तो भरून राहायचा. दर शनिवारी तो एसटीनं साताऱ्याला यायचा. फार बोलायचा नाही. आईजवळ बसायचा, तिच्या हातातली परात घ्यायचा, पाय चेपून द्यायचा. आप्पा बघायचे आणि म्हणायचे, अजून पदर सुटला नाही ह्याचा. दादा खाली मान घालून चेपत राहायचा. त्याचं लग्न झालं, मुलं झाली, नोकरी संपली. तो कधी चिडला नाही, कधी मोठ्यानं हसलाही नाही. कुणीतरी घड्याळ काढून ठेवावं तसा तो होता, चालू, पण ज्यात कुणी वेळ बघत नाही असा.

आप्पा शेवटी बरेच दिवस अंथरुणाला होते. आईशी ते पुन्हा बोलायला लागले होते, पण कामापुरतं. मी सांगलीहून आले होते, दादाही होता. आई त्यांना तांदळाची पेज भरवत होती. खोलीत औषधांचा आणि डेटॉलचा वास होता. आप्पांनी चमचा बाजूला सारला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तू माझ्या पोराचं नशीब खाल्लंस."

आई म्हणाली, "व्हय." आणि पुढचा चमचा त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तो घेतला.

दादा दारात उभा होता. तो तिथून गेला नाही, आतही आला नाही.

आप्पांच्या अस्थी सोडायला आम्ही माहुलीला गेलो. कृष्णा आणि वेण्णा जिथं भेटतात तिथं घाटाच्या पायऱ्या रुंद आहेत, ओल्या दगडाचा आणि झेंडूचा वास असतो. गुरुजी गेले, बाकीची माणसं वर गाडीकडं गेली. दादा पायरीवरच बसून राहिला. मी त्याच्याशेजारी बसले. पाण्यात कुणाच्या तरी पिंडाच्या पत्रावळी गोल फिरत होत्या.

तो म्हणाला, "आई भ्याली नव्हती. मी भ्यालो होतो."

मला आधी कळलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय.

मग त्यानं सांगितलं. बोलताना तो पाण्याकडंच बघत होता. निवड झाली त्या दिवसापासून त्याला झोप नव्हती. विमानाचं दार बंद होणार आणि आपण आत असणार, एवढंच त्याला दिसायचं. ते बंदूकवाले वगैरे काही नाही. सिनेमा नुसतं निमित्त झाला. तो मुलगा दारात उभा राहिला तेव्हा ह्याला तिथं बसवेना. कसाबसा उठून मागं गेला आणि मोरीत बसला तर उठता येईना. ओकारी झाली. आई आली, तिनं त्याचं तोंड धुतलं, पदरानं पुसलं. तो तिला म्हणाला, मी नाही जात, पण आप्पांना सांगू नको, आप्पा मला नानासारखं करतील. आतून सिनेमाचा आवाज येत होता. मग तिनं त्याचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, माझी शपथ हाय, तू तोंड उघडायचं न्हाई. मी बगते.

दादा म्हणाला, "तिनं बगितलं. वीस-बावीस वर्षं बगितलं." मला वाटतं, आपण काहीतरी म्हणायला हवं होतं. गाडीवाल्यानं वरून हॉर्न दिला आणि आम्ही उठलो.

त्याच संध्याकाळी दादानं आईला सांगितलं की आता मी सगळ्यांना सांगणार. आई दिवाबत्ती करून नुकती खाली बसली होती. कपाळ मोकळं होतं, त्याची आम्हाला सवय झाली नव्हती. ती म्हणाली, "कुणाला सांगतूयास आता? ज्याला कळाय नको हुतं, त्यो गेला."

दादा म्हणाला, पण लोक तुला अजून म्हणतात.

"म्हणू दे की. तुझ्या नानाला ह्या घरात कवा पाणी मिळालं का? तुला मिळालं. मला तेवढंच पायजे हुतं." मग तिनं वातीची काजळी झटकली. मी तिला विचारलं, आई, तुला इतकी वर्षं काही वाटलं नाही का गं? तिनं जरा विचार केला, खरंच आठवून बघितल्यासारखा. "पयल्या पयल्यांदा वाटायचं लय. मग वाटायचं बंद झालं. आता न्हाई काय वाटत." आणि तिनं दादाला परत शपथ घातली. ती जिवंत असेपर्यंतची.

ती खूप वर्षं जगली. दादाकडं सांगलीला थोडे दिवस, साताऱ्याला थोडे दिवस. आप्पांच्या मागं नाना एकदा आला होता, अगदी म्हातारा होऊन. आईनं त्याला ओट्यावर नाही, आत पाटावर बसवलं आणि जेवायला वाढलं. तो भरभर जेवला, मधेच उठावं लागेल अशा घाईनं. त्यालाही तिनं काही सांगितलं नाही.

घेवडा सोलून झाला तेव्हा टीव्हीवरची माणसं सुटली होती. शिडीवरून एकेक उतरत होती, खाली उभ्या असलेल्यांच्या गळ्यात पडत होती. ते मूल आता त्याच्या आईच्या खांद्यावर झोपलं होतं. मी आवाज बंद केला. नुसती तोंडं हलत राहिली. मला आईच्या दहाव्याचा दिवस आठवला.

साताऱ्याचंच घर. ओट्यावर सतरंज्या टाकलेल्या, गल्लीतली जुनी माणसं भेटायला आलेली. पेरूला फळ धरलं होतं, त्याचा गोड वास आतपर्यंत येत होता. बोलणं कुठून कुठून आईवर आलं. तिचा नाग, तिची तार, तिच्या कुरडया. आणि मग अर्थातच ते. जगूकाकांचा मुलगा, आता तोही सत्तरीला आलेला, म्हणाला, सगळ्याला पुरून उरली बाई, फक्त विमानाला भ्यायची. माणसं हसली, अशा वेळी हसतात तसं, हळू.

दादा भिंतीला टेकून बसला होता. डोक्याचा गोटा केलेला, पंचा गुंडाळलेला. तो उभा राहिला. त्याचे गुडघे दुखतात, त्याला उठायला वेळ लागला, म्हणून सगळे त्याच्याकडं बघायला लागले. तो म्हणाला, "विमानाला आई भ्यायची न्हाई. मी भ्यालो हुतो. मला जायाचं न्हवतं. आईनं माझ्यासाठी स्वतःला नावं ठेवून घेतली." त्याचा आवाज चांगला स्वच्छ होता. शेवटच्या माणसापर्यंत गेला.

मग जगूकाकांच्या मुलानं उठून त्याला खांद्याला धरून खाली बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि बाकीच्यांकडं वळून, डोळे पुसत म्हणाला, "बगा, पोराचा कसा जीव हाय. आईला लागलेला बोलसुद्धा आपल्या अंगावर घेतूय."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कुणी म्हणालं, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. मी म्हणाले, तो खरं सांगतोय, खरंच तसं झालं होतं. त्यांनी माझ्याकडंही तसंच बघितलं, मायेनं, आणि शेजारच्या बाईनं माझा हात हातात घेतला.

दादानं माझ्याकडं बघितलं. आतून चहा आला. त्यानं एक कप उचलला आणि सगळ्यांबरोबर प्यायला.